खंडेनवमीला काढलेली जुनी जावा

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. येरवड्यातून सायकल मारत कॉलेज केलं आणि आयटी पुण्यात शिरली, तेव्हा तिच्या मागोमाग मीही शिरलो. प्रोबेशन संपायला आठवडा राहिला होता. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, तो अहवाल आमचे साहेब लिहिणार होते. साहेब मोठ्या कॉलेजातले. आपल्याला कळत नाही अशी गोष्ट जगात नाही, एवढीच त्यांची नम्र श्रद्धा.

वाघोलीपलीकडच्या एका कारखान्यात आमचा नवा प्रोग्राम बसवायचा होता. तिथल्या सर्व्हरवर गेटपास छापणारा एक जुना प्रोग्राम आधीच चालायचा. दोघंही जावा या संगणकी भाषेवर चालणारे, पण जुन्याला जुनी आवृत्ती लागे, नव्याला नवी. एकाचं दुसऱ्याच्या आवृत्तीवर भागत नव्हतं. बसवायच्या आदल्या दिवशी मी साहेबांना कागदावर लिहून दिलं, की दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू आणि कुणी कुठली वापरायची ते ज्याच्या त्याच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहू.

साहेब हसले. "एका मशीनवर दोन संसार थाटायचे नसतात," म्हणाले आणि कागद परत केला. मी तो तिथल्या संगणक विभागाच्या कारकुनांना दिला. निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. आवक शिक्का मारल्याशिवाय चहाची चिठ्ठीही घेत नसत. त्यांनी शिक्का मारला, वेळ घातली, कागद फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. यंत्रं बंद, म्हणून साहेबांनी मुद्दाम निवडलेली. सकाळी त्यांनी जुनी जावा काढली, नवी घातली आणि आमचा प्रोग्राम दिमाखात सुरू झाला. अकराला यंत्रांची पूजा झाली. सर्व्हरलाही हळदकुंकू, झेंडूची माळ. मी पेढा खाल्ला. तेवढ्यात दसऱ्याआधी माल पोचवायचा म्हणून तीन ट्रक गेटवर येऊन उभे राहिले, आणि गेटपास काही छापेना.

मॅनेजर आले. नवीन मुलगा आहे, यानेच काहीतरी काढलं असेल, असं साहेब फार मायेने म्हणाले. कारकुनांनी फाइल उघडली आणि शिक्क्याचा कागद मॅनेजरांपुढे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि त्याची प्रत आमच्या ऑफिसला फॅक्स करायला सांगितली.

साहेब घाईघाईने मशीनकडे वळले, तर कारकून म्हणाले, "अहो, पूजा झालेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो."

साहेबांचा हात हवेतच राहिला. एवढं ज्ञान कोळून प्यालेला माणूस झेंडूच्या माळेपुढे अडला. आमच्या आजोबांनी धम्म घेतला, तेव्हापासून घरात ही पूजा नाही. मी माळ उचलून बाजूला ठेवली, कीबोर्डवरचं कुंकू रुमालाने पुसलं आणि बसलो. कारकून खिडकीबाहेर बघू लागले. जुनी जावा शेजारच्या फोल्डरमध्ये परत घातली, दोन फाइलींत एकेक ओळ लिहिली. गेटपास छापला. आमचा प्रोग्रामही चालूच होता. दोन्ही संसार नांदले.

माळ परत घातल्यावर कारकून वळले. "आज मशीनला कुणी हात लावलेला नाही," ते मला म्हणाले. "तेवढं लिहून द्या, शिक्का मारतो."

आठवड्याने मला कायम केल्याचं पत्र आलं. साहेबांनी अहवालात लिहिलं होतं, मार्गदर्शनाखाली उत्तम काम करतो. कुणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं.