उघडणाऱ्या पात्याची तपासणी

बाण हरणीच्या खांद्याला लागला आणि घसरला. मी पिकअपच्या मागच्या हौद्यात उभा होतो, त्यामुळे मला स्वच्छ दिसलं. ती एकदा गुडघ्यांवर आली, उठली आणि तिरकी पळत सुटली. खालिदने धनुष्य खाली केलं.

"मिस्टर सोनवणे, इट डिड नॉट ओपन."

उघडलं नव्हतं ते बाणाचं टोक. आणि ते टोक मी पास केलं होतं.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी कतारला, दोह्यात एका वर्कशॉपमध्ये टूलरूम इन्स्पेक्टर होतो. व्हॉल्व्हचे पार्ट, शाफ्ट, बुश मोजायचे आणि रिपोर्टवर सही करायची. नाशिकला हेच काम नऊ वर्षं केलं होतं. वर्कशॉप खालिदच्या घराण्याचं होतं. तेच आमचे कफील, म्हणजे आमचा व्हिसा त्यांच्या नावावर. शहराबाहेर, समैस्मा गावाच्या पुढे त्यांचं कुंपण घातलेलं मोठं फार्म होतं आणि त्यात हरणांचा कळप. चारा मोजकाच, म्हणून दर हिवाळ्यात थोडी हरणं कमी करावी लागत. खालिदचे वडील, अबू खालिद, हे काम बंदुकीने करायचे. खालिद अमेरिकेत शिकताना धनुष्य चालवायला शिकला होता.

शिकारीच्या बाणाच्या टोकाला ब्रॉडहेड म्हणतात. त्याला पाती असतात. जनावर धक्क्याने मरत नाही, पात्याने आत कापलं जाऊन रक्तस्रावाने मरतं. फिक्स्ड प्रकारात पाती कायम उघडी असतात. मेकॅनिकल प्रकारात ती मिटलेली असतात आणि एक बारीक रबरी रिंग त्यांना धरून ठेवते. टोक आत घुसलं की पाती मागे ढकलली जातात आणि उघडतात. पाती मिटलेली असल्यामुळे वारा कमी लागतो, बाण सरळ जातो. खालिदने दोन्ही प्रकार मागवले होते. "कोणते वापरू ते तू सांग," असं म्हणून त्याने दोन्ही खोकी माझ्या टेबलावर ठेवली.

मी वजनं केली, पात्यांची धार भिंगातून पाहिली, पिन मोजल्या. त्याने ओल्या वाळूच्या पोत्यावर समोरून बाण मारले. मेकॅनिकल प्रत्येक वेळी उघडलं, नेमही चांगला लागला. मी रिपोर्टवर "सॅटिस्फॅक्टरी" लिहिलं आणि सही केली.

आता ती हरणी कुठेतरी पळत होती. सकाळी आठपासून आम्ही तिचा माग काढत होतो. रक्ताचे थेंब होते, पण थोडेच. अबू खालिद पुढे बसले होते. दुपारच्या नमाजासाठी गाडी थांबली, पुन्हा निघाली. साडेतीनच्या सुमारास ती एका काटेरी झाडाखाली बसलेली दिसली. जिवंत होती. डोळे उघडे, पोट भराभर हलत होतं. आम्ही जवळ गेलो तरी उठली नाही.

अबू खालिद हळूच उतरले. तिचं तोंड वळवलं, अल्लाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. मग बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले. खालिद पाठ करून उभा होता. परतताना सकाळच्या जागी उतरून मी तो बाण शोधला.

संध्याकाळी अबू खालिदनी मला मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. तरुणपणी मोत्यांच्या व्यापाऱ्याबरोबर ते मुंबईला राहिले होते. हिंदी चांगलं बोलायचे. बाणाचं टोक हातात धरून त्यांनी विचारलं, "ये काटता है या मारता है?"

मला प्रश्न लगेच कळला नाही. त्यांनी समजावलं. बाणाने कापून रक्त वाहिलं आणि जनावर गेलं, तर ते खाणं त्यांना चालतं. नुसता मार बसून मेलं, तर चालत नाही. "तुम इंजिनीअर हो. तुम्हारी साइन है. बोलो."

"अभी मालूम नहीं," मी म्हणालो. "तीन दिन दीजिए."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचे मॅनेजर फर्नांडिस यांनी मला केबिनमध्ये घेतलं. "खालिदला तेच हेड आवडतं. वारा होता असं लिहून टाक. कफील आहेत आपले."

"वारा नव्हता, सर."

"मग तुझं तू बघ."

घरी बायको आणि दोन मुली माझ्या पगारावर होत्या. त्यामुळे मी तीन दिवस नीट जेवलो नाही, हे खरं आहे.

फार्मच्या खाटिकखान्यातून मेंढीची ताजी कातडी मागवली, बरगड्यांसकट. ती चौकटीवर ताणली, मागे ओली वाळू लावली. खालिदलाच बाण मारायला सांगितलं. समोरून सगळे उघडले. मग चौकट तिरकी फिरवली. हरीण काही आपल्याकडे छाती करून उभं राहत नाही. खोक्यातलं न वापरलेलं हेड तिरक्या कातडीवर थोडं वळलं, पण उघडलं. मग मी विचारलं, "त्या दिवशीची हेड कुठे ठेवली होती?"

"गाडीच्या डॅशबोर्डमध्ये. उन्हाळ्यापासून."

ती आणवली. रबरी रिंग नखाने दाबली तर दबेना, उन्हाने कडक झाली होती. पात्यांच्या खाचेत बारीक रेती बसली होती. सहा बाण तिरके मारले. दोनदा एकच पातं उघडलं आणि बाण आडवा होऊन कातडीवरून सरकला. खालिदने धनुष्य टेबलावर ठेवलं. त्याच्याकडे बघणं मी टाळलं.

अबू खालिदना मी सांगितलं, "नया हो, साफ हो, तो काटता है. यहाँ की गर्मी और रेत में कभी काटता है, कभी मारता है. मैंने पहले ये देखा नहीं था. गलती मेरी है."

ते मुलाला अरबीत काहीतरी म्हणाले. खालिदने मला इंग्रजीत सांगितलं, "फादर म्हणतात, फिक्स्ड घे आणि आणखी जवळ जायला शिक."

खालिद दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग एका सकाळी तो फिक्स्ड पात्याने, वीस पावलांवरून नेम साधून आला. नर होता, चाळीस पावलं पळाला आणि पडला. त्या रात्री वडिलांनी ते मटण खाल्लं, एवढंच मला ड्रायव्हरकडून कळलं.

मी रिपोर्टच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना वाढवला: काय तपासलेलं नाही. फर्नांडिस म्हणाले, "कस्टमर घाबरतील हे वाचून."

"घाबरू देत. निदान विचारतील."

पुढची अकरा वर्षं मी तिथे होतो. तो रकाना रिकामा सोडून एकही सही केली नाही.