डॉक्टरांच्या गव्हातले उंदीर

सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. डिग्री वगैरे काही नव्हती, शेतीच्या औषधांचं दुकान होतं. आणि शेतीत औषध म्हणजे विषच, त्यामुळे आपल्या हातून एकही पेशंट वाचला नाही याचा त्यांना अभिमान होता.

त्या वर्षी उंदीर नेमके डॉक्टरांच्याच गव्हात घुसले. बांधाची चाळण झाली, लोंब्या कातरून पडू लागल्या. गिऱ्हाईकं विचारू लागली, "काय डॉक्टर, घरच्या पेशंटला सवलत का?"

डॉक्टरांनी विषाचा डबा उचलला, तशी बायको दारात आडवी आली.

"पंपाच्या खोलीत माळ्यावर घुबडीण व्यालीय, ठाऊक आहे ना? विष खाल्लेला उंदीर ती नेऊन पिल्लांना भरवेल."

"घुबडं व्यायला ती काय म्हशी आहेत? अंडी घालतात ती. आणि घुबड काय आपल्या नात्यातलं आहे?"

"तुमच्या नात्यातल्यांपेक्षा जास्त काम करतं."

ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्यांचा धाकटा भाऊ आतल्या खोलीत अजून घोरत होता.

पण इभ्रतीचा प्रश्न होता. डॉक्टरांनी गुपचूप काम सुरू केलं. उंदीर मुलखाचा संशयी. त्याला आधी साधं खाणं घालून सवय लावायची, मग त्यातच विष कालवायचं. डॉक्टर रोज भरडलेले दाणे तेलात घोळवून बिळांपाशी ठेवू लागले. उंदीर चाटून पुसून खाऊ लागले. "हल्ली उंदीर बाळसं धरायला लागलेत," बायको म्हणाली. डॉक्टर खोकले.

विष कालवायच्या दिवशी, उन्हं उतरताना, ते हातमोजे घालून बांधावर बसले. एवढ्यात कानाजवळून काहीतरी पांढरं सर्रकन गेलं. आवाज नाही की चाहूल नाही. घुबडिणीने डॉक्टरांच्या पुढ्यातला, त्यांनीच पोसलेला गलेलठ्ठ उंदीर उचलला आणि पंपाच्या खोलीत शिरली. आत पिल्लांनी फिस्स फिस्स करून घर डोक्यावर घेतलं.

डॉक्टर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. मेलेले उंदीर वेचून पुरा, असं ते गिऱ्हाइकांना बजावत. पण उंदीर मरायला जाईल कुठे, हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. तो माळ्यावर जाईल, नाहीतर शेजारच्या कुत्र्याच्या तोंडी. एकीकडे गहू, एकीकडे ही फिसफिस. शेवटी त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी ते मान खाली घालून दुकानासमोरच्या लोखंडवाल्याकडे गेले. त्याचा आवाज आधीच भोंग्यासारखा. "डॉक्टरांना पिंजरे दाखवा रे! चांगले मोठे!" अख्खा बाजार वळून बघू लागला.

पिंजरे लागले. भावाला झोपेतून उठवून त्याच्याकडून बिळं खणून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तळहाताला फोड आले. घुबडीण तिचं काम करत होतीच. थोडा गहू गेला, बराचसा राहिला. विषाने जास्त वाचला असता की कमी, हे डॉक्टरांना आजही सांगता येत नाही.

दुकानात विष अजून मिळतं. फक्त डबा देण्याआधी डॉक्टर विचारत बसतात. कुत्रं आहे का? कोंबड्या मोकळ्या असतात का? घरात रांगतं मूल? आधी पिंजरे लावून बघितलेत का?

परवा एक गिऱ्हाईक वैतागलं. "डॉक्टर, औषध देताय की सोयरीक जुळवताय?"

"बस जरा," डॉक्टर म्हणाले, "अजून विहिरीचं विचारायचंय."