म्हैसूरचा रविवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या जवळच्या मित्रांना नाही. आई गेली, ती बिचारी हे न कळताच गेली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळख नसलेल्या ठिकाणी मला नेहमीच मोकळं वाटत आलंय. आणि सगळ्याचं मूळही तिथंच आहे.

सुरुवात त्या शहरापासून करतो. तेवढा भाग सांगताना जीभ अडखळत नाही.

मी शिनोलीचा. घोडेगावच्या बाजूला एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. लग्न व्हायचं होतं. वडील आधीच गेलेले, घरी आई आणि मी. थोरली बहीण, अक्का, पारगावला दिलेली. आमच्याकडे एसटीची वाट बघत उभं राहिलं तरी येणारा-जाणारा थांबून विचारणार — कुठं निघालास, कशाला, आई बरी हाय का, पोरगी बघतायत म्हणं. यात वाईट काही नाही. माणसं मायेनंच विचारतात. पण एखाद्याला कधी वाटतं ना, की चार दिवस आपण कुणाचेच कुणी नसावं? मला वाटायचं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एकट्यानं म्हैसूरला जायचं ठरवलं. पुण्याच्या पुढं मी तोवर गेलो नव्हतो.

निघायच्या आधी भाऊबीज होती, ती पारगावात केली. अक्काला डाळिंबी साडी नेली होती. तिनं ती पदरासारखी खांद्यावर टाकून बघितली आणि म्हणाली, "हिरवी न्हाई आनलीस ते ब्येस केलंस. हिरव्यात मी लई काळी दिसते."

दाजी ओट्यावरून ओरडले, "आन् डाळिंबीत काय गोरी दिसतीस व्हय?"

"तुमी गप बसा. तुमाला इचारलंय का कुनी?"

तिची चार-पाच वर्षांची पोर, सुमन, ताटातली करंजी पळवून माझ्या मांडीवर बसली होती. अक्कानं ओवाळलं. कपाळाला तिचं बोट लागलं — पोळत होतं. मला कळलं होतं. ही पहिली गोष्ट, जी मी कधी कबूल केली नाही. मी विचारलंही, "अंगात ताप आहे का गं?" ती म्हणाली, "चुलीपाशी व्हते सकाळधरनं." आणि मी ते लगेच मान्य केलं, कारण मला निघायचं होतं.

"कुटं म्हनलास? म्हैसूर? तिथं कोन हाय आपलं?"

"कुणी नाही. म्हणून तर चाललोय."

"कुनी न्हाई म्हनून जायाचं? येडाच हायेस." मग म्हणाली, "आल्यावर मला समदं सांग पर. काय काय हाय तिथं."

सहकाऱ्यानं सुचवलेल्या लॉजचा फोन नंबर मी तिच्याकडे देऊन ठेवला आणि निघालो.

शहराच्या प्रेमात पडतात म्हणजे काय होतं, हे मला त्या चार दिवसांत कळलं. रुंद रस्ते, दोन्हीकडून झाडं येऊन वर एकमेकांत मिसळलेली. मंडईत कुंकवाचे, गुलालाचे, हळदीचे टोकदार ढीग. मोगऱ्याच्या लांबच लांब माळा हातावर मोजून कापून द्यायचे. उदबत्तीचा वास तर दुकानांतून नव्हे, भिंतींतूनच येतोय असं वाटायचं. पाट्या मला वाचता येत नव्हत्या. मी मास्तर, आयुष्य अक्षरं गिरवण्यात जायचं, आणि इथं मी निरक्षर! त्याचाच आनंद झाला. कॉफीवाला मला "सार" म्हणायचा आणि पुढं काही विचारायचा नाही. कुणाचा, कुठला, कशाला आलास — काही नाही. मी उगाच हसत फिरायचो. इथंच शिकवणी वगैरे धरून राहता येईल का, इथवर मनात येऊन गेलं. हसू नका. पंचविशीत माणूस असं करतो.

लॉजचा म्हातारा मॅनेजर म्हणाला होता, रविवारी थांबा, संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लावतात. मी रविवारची वाट बघत होतो.

रविवारी सकाळी फोन आला.

इथं तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्यात मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. लांबच्या माणसानं प्रवासात एकट्यानं हाय खाऊ नये म्हणून, "सिरियस हाय, निघून ये" एवढंच सांगतात. ऐकणाराही समजून जातो. पुढं विचारत नाही. वडील गेले तेव्हा मलाही शाळेत असाच निरोप आला होता, आणि घरी पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. आमच्याकडे "सिरियस" या शब्दाचा दुसरा अर्थच उरलेला नाही.

मॅनेजरनं खालून हाक मारली. फोनवर दाजी. पारगावची लाइन बंद होती, म्हणून ते मंचरला येऊन बोलत होते — हे मला नंतर कळलं. आवाज अगदी सपाट. "बाळ्या, अक्का सिरियस हाय. निघून ये. ती तुला —" आणि खरखर सुरू झाली.

मी म्हणालो, "बरं. निघतो." फोन ठेवला.

"ती तुला" काय? मी विचारलं नाही. पुन्हा फोन लावून मिळतो का बघितलं नाही. आमच्यात विचारत नाहीत — हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलोय. पण खरं सांगू? खरखर ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

दुपारची बंगळूरची गाडी धरली असती, तिथून संध्याकाळची पुण्याची, तर सोमवारी दिवसाउजेडी पारगावात पोचलो असतो. बॅग भरलीही. मग कॉटवर बसून राहिलो. रडलो. ते रडणं खोटं नव्हतं. आणि रडता रडता डोक्यात हिशेब चालू होता — अक्का गेली. आज संध्याकाळपर्यंत सगळं उरकतील. उद्यापर्यंत कोण ठेवणार? आता पोचून काय आणि न पोचून काय?

मग वाटलं, माहेरची साडी तरी न्यायला हवी. सवाष्ण बाई गेली की तिच्यावर भावानं आणलेली साडी घालतात, हिरवी. अंगावर घालायला उशीर झाला तर दहाव्याला एखाद्या सवाष्णीला देता येईल. मी मंडईच्या बाजूला गेलो. साड्या बघितल्या. दुकानदारानं एकामागून एक उलगडल्या आणि मी बघत राहिलो. एक हिरवी, जरीकाठाची, घेतली. बाहेर आलो तेव्हा दुपारची गाडी गेलेली होती. ती जावी म्हणूनच मी एवढा वेळ साड्या बघत होतो का?

संध्याकाळी, बगलेत साडीची पिशवी घेऊन, मी राजवाड्यासमोरच्या गर्दीत उभा राहिलो.

आणि दिवे लागले.

एकदम. सगळे. एवढा मोठा राजवाडा अंधारातून सोन्याचा होऊन बाहेर आला. गर्दीच्या तोंडून "आ" निघालं, माझ्याही. बँड वाजत होता. शेजारी एका बाईनं पोराला खांद्यावर उचलून घेतलं. आणि मी —

इथवर आलोय तर सांगून टाकतो. लोकांना वाटेल, माझा गुन्हा खोटं बोलण्याचा. तो आहेच. पण त्याच्या आधीचा हा — माझी बहीण मेली, असं मी समजत होतो, आणि मी सुखात होतो. दुःख विसरायला गेलो होतो असंही नाही. विसरलो नव्हतो. बगलेत साडी होती. तरी सुखात होतो. आयुष्यात पुन्हा तेवढा झालो नाही.

सोमवारी पहाटे निघालो आणि मंगळवारी सकाळी पारगावात उतरलो. गल्लीत माणसं उभी होती. मला वाटलं, तिसऱ्या दिवसाची असतील. अंगणात पाऊल टाकलं तर अक्का अजून तिथंच. डोक्याशी दिवा. आई धावत आली, माझी छाती बडवत म्हणाली, "कुटं व्हतास रं? काल सांजच्याला गेली. दिवेलागनीपोतर दाराकडं बघत व्हती. बाळ्या आला का, बाळ्या आला का. म्हनायची, त्यो आला की समदं सांगंल, काय काय हाय तिथं."

म्हणजे रविवारी ती होती. सोमवारी दिवसभर होती. तापानं, काविळीनं खंगलेली, पण शुद्धीत. दाजी खरोखरच सिरियस म्हणाले होते. सिरियस म्हणजे सिरियस. बाकीचा अर्थ मी लावला होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. दाजींनी त्यांना सांगितलं होतं — बोलनं झालंय, निघालाय त्यो, थांबूया. त्यांच्या शब्दावर सगळे रात्रभर थांबले होते. आणि मी म्हणालो, "मला फोन आलाच नाही."

कसं सुचलं? माहीत नाही. दुसरं वाक्य त्याच्या मागोमाग आलं — "सुट्टी संपली म्हणून आलो. अक्काला साडी आणली होती, ती द्यायला सरळ इकडंच उतरलो."

आई दाजींकडे वळली. "तुमी तर म्हनलात बोलनं झालं!"

दाजी म्हणाले, "झालंय की. बाळ्या, असं काय करतुयास? मी मंचरला जाऊन —"

तेवढ्यात कुणीतरी म्हातारी म्हणाली, "साडी आनलीया न्हवं? काढा. माहेरचीच घाला." मी पिशवीतून साडी काढली. बायकांनी ती हातात घेतली आणि रडायला लागल्या. "बगा, भावाच्या काळजाला कसं कळलं! हिरवीच आनली!"

दाजींनी साडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. जित्या अक्काला मी कधीच हिरवी साडी आणली नसती, हे त्या अंगणात आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यांना सगळं कळलं. ते बोलू शकले असते. पण समोर अक्का होती, आणि बायका तिला ती साडी नेसवत होत्या. ते भिंतीला टेकून खाली बसले. 

त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लोकांनी लावला. फोन केलाच नाही. भाऊ आला असता तर पुण्याला हलवायला लावलं असतं, म्हणून लपवलं. पुढं पुढं तर — बाईला मारलीच त्यानं, दुसरी करायची असंल. दाजींनी दुसरी केली नाही. तरी बोलायचे थांबले नाहीत. मास्तर कशाला खोटं बोलंल, असं माझ्यासमोर बोलायचे आणि मी खाली बघायचो. त्यालाही लोक माझा चांगुलपणाच समजायचे.

आईनं पारगावात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. सुमनला ती शिनोलीला घेऊन आली आणि दाजींनी अडवलं नाही. पोर माझ्या घरात वाढली. माझं लग्न झालं, माझ्या बायकोनं तिला पोटच्या पोरीसारखं केलं. दाजी जत्रेला यायचे, रेवड्यांची पुडी घेऊन ओट्यावर बसायचे. आई आतून बडबडायची, "फोन करायला हात मोडलं व्हतं, आन् रेवड्या आनतोय." सुमन हे ऐकत मोठी झाली. आठवी-नववीत गेल्यावर ती बाहेर यायचीच बंद झाली. मी म्हणायचो, "जा गं, बाप आहे तुझा." एवढंच म्हणायचो. दाजी पुडी उंबऱ्यावर ठेवून उठायचे. "येतो मास्तर. तुमी बसा." त्या अंगणानंतर त्यांनी मला बाळ्या म्हटलं नाही आणि "तू" म्हटलं नाही.

तोवर हातोहाती मोबाइल आले होते. सुमनचं लग्न घोडेगावात केलं. कन्यादानाला कोण बसणार, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. मी बसलो. तिचा हात माझ्या हातात होता आणि मांडवाच्या कडेला, जेवणाच्या पंगतीपाशी, दाजी टोपी सारखी करत उभे होते. जाताना माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलतील. बोलू देत, असंही वाटलं. ते म्हणाले, "मास्तर, एक इचारू? ऱ्हाऊन गेलंय. तिनं मला सांगितलं व्हतं, त्याला इचारा म्हनून. काय काय हाय वो त्या म्हैसूरला?"

टोमणा नव्हता तो. निरोप होता. "ती तुला —"च्या पुढचं असेल कदाचित. मी म्हणालो, "जेवून जा, दाजी." ते एसटी गाठायला निघून गेले.

म्हैसूरला मी परत गेलो नाही. पण त्या शहरावरचं प्रेम गेलंय, असं म्हणालो तर तेही खोटं ठरेल. अजून कुठं चांगल्या उदबत्तीचा वास आला की मला आधी तो दिव्यांचा राजवाडा दिसतो. मग अक्का. क्रम बदलावा म्हणून मी पुष्कळ खटपट केली. बदलत नाही.

दाजी आता थकलेत. पारगावात एकटे असतात. सुमन सासरी मंचरला राहते, तिथून पारगाव ते काय लांब, पण ती जात नाही. तिचा मुलगा मागं मला विचारत होता, आईचे बाबा कुठं असतात. सुमननं त्याला गप्प केलं. मी तिथंच बसलो होतो.

फोन आला होता. तिच्या बापानं केला होता, मी घेतला होता. हे सुमनला सांगायचं देणं मी लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.