स्त्रीपार्टी माणसाचा पाय

माझा नवरा पेडण्याकडच्या एका दशावतारी कंपनीत बायकांची कामं करायचा. जत्रांच्या हंगामात आज या देवळात, उद्या त्या देवळात, पायात चाळ बांधून नाचायचं. पूर्वी मांडवात सारवलेली जमीन असायची. गोवा राज्य झालं त्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी सिमेंटचा टणक कोबा घातला.

हंगाम अर्ध्यावर आला आणि त्याचा उजवा पाय सुजला. नाचला की दुखायचा, बसला की कमी व्हायचा. आदल्या वैशाखात तो शिरगावला लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत घेतलेला भक्त, म्हणून निखाऱ्यांतून चालला होता. व्रताच्या दिवसांत धोंडाने बाहेरचं काही खायचं-प्यायचं नसतं. याने हॉटेलात चहा घेतला होता. सासूला ते ठाऊक होतं. "व्रत मोडलंस, देवीन पाय धरलो तुजो," ती म्हणायची. तो मान खाली घालून ऐकायचा.

मी त्याला म्हापशाला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने पाऊल अंगठ्याने दाबत नेलं. एका जागी नवरा ओरडला. एक्स-रेच्या फोटोत मात्र काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाला, "नाचून नाचून हाड थकलंय. बारीक चीर आधी फोटोत येत नाही. नाच बंद करा आणि पंधरवड्याने परत या."

घरी सासू म्हणाली, "बघ, फोटोत काय नाय. म्हणजे देवीच."

"मग डॉक्टराने दाबल्यावर ओरडलो तो कोण, देवी?"

"तोंड आवर गो तुजा!"

नवऱ्याने तिचं ऐकलं. दुखणं सोसलं की व्रताची भरपाई होईल, असं त्याला वाटलं. पायाला फडकं आवळून नाचत राहिला. एका गावी गिरकी घेताना पाय टेकला आणि तो खालीच बसला. साडीतल्या माणसाला चौघांनी उचलून टेम्पोत घातलं.

दुसऱ्या फोटोत मोडलेलं हाड मलाही दिसलं. नवरा डॉक्टरला पुन्हा पुन्हा विचारत होता, "हाडच ना? दुसरं काय नाय ना?"

"हाडच. दुसरं काय असणार?"

तेव्हा तो रडला. नाच सुटला म्हणून रडतोय असं मला वाटलं. बसमध्ये म्हणाला, "देवी रागावली नव्हती गो."

हाड वाकडं जुळलं. बाईची चाल परत जमली नाही. त्याच्या साड्या दुसरा नेसू लागला. हा राजा झाला, बसून बोलायचा. त्या वैशाखात मात्र काठी टेकत शिरगावला गेला आणि धोंड निखाऱ्यांत उतरले तेव्हा बाहेर हात जोडून उभा राहिला.