भाड्याची की घरची

मोटार भाड्यानं ठेवायची की नवी विकत घ्यायची, यावर आमच्या घरात सहा महिने महाभारत चाललं. त्यात माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, कुठलीही आणा बाबांनो, मला ती चालवायचीय. तसं मी एकदा जेवताना बोलले होते. यांच्या घशात भाकरी अडकली आणि मामंजी म्हणाले, "सूनबाई, आमटी वाढा."

हे डॉक्टर. खेड्यापाड्यांत व्हिजिटा असत. त्यासाठी उचगावच्या एकाकडून महिन्याच्या बोलीनं मोटार घेतली होती, ड्रायव्हरसकट. मामंजींना तेच पसंत. "मोडली तर त्याची, पंक्चर झाली तर त्याची. आपण नुसतं बसायचं की!" यांना मात्र लाज वाटायची. मी मनातून यांच्या बाजूची. घरची आली तर कधीतरी स्टिअरिंगच्या चाकाला हात लागेल, एवढीच आशा.

व्हिजिटला हे मला बरोबर न्यायचे, कारण गावच्या बायका पुरुष डॉक्टरापुढं तोंड उघडत नसत. त्या मला सांगायच्या, मी यांना. दुखणं कळलं की मी मोकळी. यांना मात्र जेवल्याशिवाय कोण सोडतंय! एक वाटी रस्सा संपला की दुसरी ओतलीच. तास-दीड तास मी गाडीत माशा मारत बसायची. अशाच एका दुपारी ड्रायव्हर म्हणाला, "वैनीसाब, नुसतं बघताय काय? बसा की हिकडं."

गावाबाहेरच्या माळावर मी शिकले. "क्लच हळू सोडा," तो ओरडायचा, "म्हशीची धार काढताना सड सोडत्यात तसा!" धार मी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभी राहून बघितलेली, तेवढंच. पण चार महिन्यांत गाडी हातात आली.

मग मी गपचूप पक्ष बदलला. नवी गाडी आली की ड्रायव्हर जाणार, आणि हे तर तिच्या दाराला बोटसुद्धा लावू देणार नाहीत. "भाड्याचीच बरी," मी म्हणायला लागले. मामंजी खूश. "बघा, सूनबाईला अक्कल आहे." हे असले चिडले, की त्या तिरमिरीतच नवी मोटार घेऊन मोकळे झाले.

दुकानाचा माणूस ती दारात लावून, किल्ली देऊन गेला. सगळी गल्ली जमली. भटजींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाले, "हं, घ्या पुढं."

कुणी हललंच नाही. अहो, यांना गाडी चालवता कुठं येत होती! भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्याकडं येणार, हे यांनी गृहीतच धरलेलं. त्याला विचारायचं मात्र राहून गेलं. माणूस पिटाळला, तर निरोप आला, "मालकाला सोडून म्या न्हाय येत म्हणावं."

भटजी मुहूर्त टळतोय म्हणून कुरकुरायला लागले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ढकला की डॉक्टर!" आणि गल्ली खदाखदा हसली. यांचा चेहरा लालभडक. मला राहवेना. यांच्या हातातली किल्ली घेतली, पदर खोचला आणि ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले.

"अगं, अगं!" हे.

"सूनबाई!" मामंजी.

गाडी सुरू केली, क्लच हळू सोडला. चारी लिंबं फटाफट फुटली. हसणारी गल्ली भराभर बाजूला सरली.

मी गाडी थांबवली तशी मामंजी पुढचं दार उघडून शेजारी येऊन बसले. "चला, अंबाबाईला," एवढंच म्हणाले. हे मागं बसले, मांडीवर फुटलेला नारळ.

जाताना मी आरशात बघितलं. मी वळण घेतलं की यांचे दोन्ही हात हवेतच वळत होते. मी हॉर्न दाबला की यांचाही अंगठा हलत होता. एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी! मला हसूही आलं आणि यांची कीवही आली. चाक मात्र सोडलं नाही.