लाल न झालेला डाग

शेवंताबाई रायपुरात आमच्या तेलीबांध्याच्या घरी एकोणीस वर्षांपासून कपडे धुतात. मूळच्या अमरावतीकडच्या. नवरा इथेच भनपुरीच्या कारखान्यांकडे ट्रकवर होता. तो गेल्यावर त्या या कामाला लागल्या. बोलणं कमी, पण डाग कशाचा हे बघताच सांगतात. त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल, असं वाटत नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या, श्रीपादच्या मुलीचं लग्न होतं. आमचं घर एकच. हळदीला पोरींनी श्रीपादलाही माखलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करूनही तो पिवळाच.

"नवरदेव कोणता, तेच समजून नाही राहिलं," व्याही म्हणाले. सगळे हसले. त्याचं अंग खाजत होतं, तेही हळदीवरच ढकललं.

दुपारी शेवंताबाईंनी मला मोरीपाशी बोलावलं. हातात श्रीपादचे बनियन, पायजमा.

"नाना, साबण लागला की हळद लाल होते. पोरीची साडी पाहा, झाली लाल. भैयाचं पिवळंच राहून राहिलं. हे हळद नाही."

उद्या लग्न, आणि माझं चुकलं तर?

"भैयाला मी सांगू काय?"

"पोट्टी निघू द्या," मी म्हणालो.

पाठवणी झाल्यावर सांगितलं. श्रीपाद आधी हसला, मग आरशापुढे पापणी खाली ओढून बघत राहिला. सोनोग्राफी, मग स्कॅन. कावीळच होती; ताप नाही, दुखणं नाही, आणि यकृतातून निघणाऱ्या पित्ताच्या नळीत गाठ. डॉक्टर म्हणाले, ही क्वचितच होते, आणि बहुतेकांना कळते तोवर उशीर झालेला असतो.

मुंबईत आधी बारीक नळी घालून साचलेलं पित्त काढलं. महिन्याभराने गाठीसकट अर्धं यकृत कापलं. मी डॉक्टरांना हळूच विचारलं, माझ्यामुळे दोन दिवस गेले, त्याचं काय? ते म्हणाले, दोन दिवसांनी काही बिघडलं नाही. दोन महिने गेले असते तर हात लावता आला नसता.

याला तीन वर्षं झाली. शेवंताबाई अजूनही श्रीपादचा बनियन वेगळा काढतात, साबण चोळतात, उन्हात धरतात. तो दाराशी उभा असतो.

"पांढराच आहे, भैया," त्या म्हणतात.

मग तो चहाला बसतो.