तीन खाचांची काठी

तुमच्या अंकातले असे अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर कपातला चहा संपेपर्यंतच. मी आयुष्यभर ओव्हरसियर म्हणून नोकरी केली. पाणी किती आलं, कुठून आलं, कुठे गेलं – हे मोजण्यात हयात गेली. जे मोजता येत नाही ते मी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी एक गोष्ट माझ्याकडे अशी आहे की ती कुठल्याच मापात बसत नाही. यशवंत पुष्कळ वर्षांपूर्वी गेला, दत्ता गेल्या वर्षी गेला. त्या दिवसाचा साक्षीदार आता मी एकटाच. आणि माझ्यामुळे एका माणसाचं नाव उगाच खाली आलं, ते मी गेल्यावर तसंच राहील. म्हणून लिहितो आहे.

एकोणीसशे तीस नुकतं उलटलं होतं. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. आम्ही तिघे अलिबागच्या शाळेतले मित्र, पुढे कॉलेजसाठी मुंबईला गेलेलो. नाताळच्या सुट्टीत चार दिवस उघड्यावर राहायचं ठरलं. आता याला कॅम्पिंग म्हणतात. आमच्याकडे शिडाचं एक जुनं कापड, दोन घोंगड्या, एक टोप आणि तांदूळ होते. पोयनाडहून खाडीच्या दिशेला तासभर चाललं की खारबंदिस्ती लागते – भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबलचक बांध. आत शेतं, बाहेर तिवरांची झाडी आणि चिखल, पुढे धरमतरची खाडी. बांधावरच कापड ताणलं आणि राहिलो.

चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला शिकवणारा माणूस म्हणजे हिराजीनाना. जवळच्या आगरी पाड्यावरचा, मिठागरावर काम करणारा, पन्नाशीचा. माझ्या वडिलांनी त्याच्या मुलाला शाळेत शिकवलं होतं, त्या ओळखीवर तो आमच्याकडे बघत होता. अमावस्या दोन दिवसांवर होती. "पुनवेची चिंबोरी पोकळ," तो म्हणाला, "अवसेची भरलेली. तुम्ही पुस्तकं शिकता, पन येलेला बरोबर आलाव."

अमावस्येच्या आसपास आमच्याकडे पहाटे पाणी पार ओसरतं. चिखलात उतरायचं, बिळात लोखंडी आकडी घालायची, चिंबोरीने ती धरली की हळूच ओढायची. अंडी असलेली मादी मिळाली तर परत सोडायची. पण सगळ्यात आधीचं काम म्हणजे काठी रोवणं.

बांध आणि चिखलाचा उंचवटा यांच्यामध्ये एक चर होता. भरती आली की पाणी आधी या चरात शिरतं. समोर खाडी लांब दिसत असते आणि पाठीमागे परतीची वाट बुडत असते. बिळात हात घालून बसलेल्या माणसाला ते कळत नाही. म्हणून हिराजीनाना चरात खैराची काठी रोवायचा. त्याच्या वडिलांची काठी होती. वर लाल फडकं, अंगावर तीन खाचा.

"पहिल्या खाचंला पानी लागला का आकडी गुंडालायची. दुसरीला निघायचा, मंग हातात सोन्याची चिंबोरी असली तरी."

"आणि तिसरीला?" दत्ताने विचारलं.

"तिसरीला तुज्या आईला काय सांगायचा, त्यो विचार मी करायचा."

त्या काठीच्या भरवशावर पाड्यावरच्या बायकासुद्धा चिखलात उतरत. त्यांच्यात एक रीत होती – ज्याची काठी भरतीने उपटून नेली, त्याने पुन्हा काठी रोवायची नाही. ज्याचा हात सैल, त्याच्या मागे कोण उतरणार? हिराजीनानाच्या घरातली काठी दोन पिढ्यांत एकदाही गेली नव्हती. हे त्यानेच सांगितलं, आणि सांगताना जरा छाती पुढे आली होती.

पहिल्या दिवशी सात चिंबोऱ्या मिळाल्या. एकीने दत्ताचं बोट धरलं. तो ओरडेना, कारण हिराजीनाना बघत होता. "आवाज केला न्हाईस," नाना म्हणाला, "पन डोल्यांत खाडी भरली हाय." नांग्या सुतळीने बांधून चिंबोऱ्या ओल्या गोणत्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कालवण करायचं ठरलं. तिघांत स्वयंपाक येणारा मीच.

दुसऱ्या पहाटे नानाने काठी रोवली आणि मिठागरावर निघाला. जाताना मला म्हणाला, "तू वर हायस ना बाला? काठीवर नजर ठेव. त्यांना बिलात घुसल्यावर आईबापूस आठवत न्हाय." दत्ता-यशवंत चिखलात उतरले. दोघांनाही पोहता येत नव्हतं.

मी तीन दगडांची चूल मांडली. नानाच्या बायकोने भाजक्या खोबऱ्याचं वाटण केळीच्या पानात बांधून दिलं होतं, शिवाय चार आमसुलं आणि तांदळाच्या भाकरी. सकाळ इतकी सुरेख होती... पातळ धुकं, तिवरांत बगळे, लांबून दोघांची भांडणं ऐकू येत होती. पण दवाने लाकडं ओली झालेली. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, जाळ धरेना.

चरात खैराची काठी उभी होती. बुडाशी चिखल, वरचा भाग खडखडीत कोरडा. पाणी कुठे दिसतही नव्हतं. मनात म्हटलं, माझे डोळे आहेत ना काठीच्या जागी. अर्धी जाळू, उरलेली परत रोवू. मी खाली उतरलो, काठी उपटली, फडकं सोडून खांद्यावर टाकलं आणि काठीचं कोरडं टोक चुलीत सारलं.

खैर काय पेटतो ते सांगायला नको. मग मला बाकी काही सुचलं नाही. चिंबोऱ्या साफ केल्या, नांग्या चेचल्या. बारीक पाय दगडावर वाटून त्यांचा रस पंच्यातून गाळून कालवणात घालायचा असतो, चव सगळी त्यात. मी वाटत बसलो, गाळत बसलो. काठी जळत गेली तशी पुढे सारत गेलो. त्या लाल फडक्याने टोपावरची झाकणी उचलली आणि वास आला... इतकं सुख मला पुढे फार थोड्या वेळा झालं असेल.

झाकणी परत ठेवताना हातातल्या फडक्याकडे लक्ष गेलं.

मी बांधाच्या कडेला धावलो. चर भरला होता. खाडीचं करडं पाणी सरसर आत येत होतं आणि दत्ता-यशवंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते, गोणता डोक्यावर धरून. दोघांच्या मध्ये काठी उभी होती. वर लाल फडकं. दत्ताने तिला हाताने धरलं, तोल सावरला, यशवंताला पुढे ओढलं आणि दोघे बांधाला लागले.

मी काठीकडे बघत होतो. फडकं माझ्या मुठीत होतं.

"हा यशवंता म्हणत होता अजून एकच बीळ," दत्ता धापा टाकत म्हणाला. "मागे वळलो तर पाणी दुसऱ्या खाचेच्या वर. काठी नसती तर मधोमध वाटच कळली नसती. तू काय झोपला होतास?"

"कालवण करत होतो," मी म्हणालो.

"मग माफ."

मी चुलीपाशी गेलो. राखेत हातभर बुडखा उरला होता, त्यावर वाळलेला चिखल आणि पहिली खाच. मी तो निखाऱ्यांत ढकलला. पुन्हा कडेला आलो तोवर पाणी चढलं होतं, काठी दिसत नव्हती.

दुपारी हिराजीनाना जेवायला आला. चौघे बांधावर बसून जेवलो. तसं कालवण मी पुन्हा कधी केलं नाही. नानाने चुलीकडे बघून नाक ओढलं.

"खैर जालला काय रं?"

"बांधावर पडलं होतं," मी म्हणालो.

त्याने बोटं चाटली. मग ताट पुढे केलं. "वाढ आनखी. रस बरा गालला हाय."

तिसऱ्या पहाटे पाणी ओसरलं. चरात काठी नव्हती. नाना चिखलात उतरला, दोन्ही बाजूंनी तिवरांत शोधून आला, हात-पाय धुतले आणि आमच्याशेजारी बसला. दत्ता म्हणाला, "काल तर होती हो नाना. मी धरली होती." नाना म्हणाला, "मंग भरतीनं नेली. हात सैल पडला माझा." त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "वाहून गेली असेल." माझ्या तोंडून हेच शब्द गेले.

त्याने पुन्हा काठी रोवली नाही. सात-आठ वर्षांनी एका बांधाच्या कामासाठी तिकडे गेलो, तेव्हा पाड्यावरच्या बायका दुसऱ्या कुणाच्या काठीमागे उतरत होत्या. नाना बांधावर बसून बघत होता. मला ओळखलं, गूळपाणी दिलं, म्हणाला, "कालवन येतं का अजून?" सांगायचं ठरवून गेलो होतो. गूळपाणी प्यालो आणि उठलो. पुढच्या वर्षी तो वारला.

हिशेब सगळे लावून पाहिले. दुसरी काठी कुणी रोवली असेल? नाना मिठागरावर होता, दहा माणसांबरोबर. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर दत्ताने ती हाताने धरली. ती गोष्ट तो शेवटपर्यंत सांगायचा, ऐकणाऱ्याला त्यात नवल वाटायचं नाही. काठी होती, तिच्या जागी होती, एवढंच. नवल फक्त मला ठाऊक होतं. नानाला काही कळलं होतं का, तेही मला सांगता येत नाही. फडकं माझ्या ट्रंकेत आहे. रंग उडाला आहे, एका टोकाला कालवणाचा डाग आहे.

त्या पाण्यात काय उभं होतं, ते मला आज साठ वर्षांनीही माहीत नाही. पण जे माहीत आहे ते हिराजीनानाच्या नातवंडांनी वाचावं, पाड्यावर कुणाला तरी वाचून दाखवावं. तुमच्या आजोबांचा हात सैल नव्हता. त्या सकाळी ती काठी उपटायला मला, वीस वर्षांच्या पोराला, दोन्ही हातांनी तीनदा जोर लावावा लागला होता.